स्पेचा डावा काठ

स्पे नदी जिथून निघते ते तळे पाहून माझी मुलगी केतकी म्हणाली, "एवढंसंच?"

खरोखर एवढेसेच होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली एक उघडी खिंड, झाड नावालाही नाही, आणि पिवळट गवतात पडून राहिलेले काळे पाणी. आपले बडोद्याचे सूरसागर तळे याच्यापुढे समुद्र वाटावे. तिकडे तळ्याला 'लॉख' म्हणतात, म्हणून हे लॉख स्पे. सभोवती 'पीट' (युगानुयुगे कुजून साचलेल्या गवत-शेवाळाची ओली काळी माती) पसरलेले. पाय टाकला की घोटा आत जातो आणि काढताना बूट मागे राहू पाहतो.

मी वाकून एका छोट्या बाटलीत ते पाणी भरले, झाकण घट्ट लावले आणि नदी उजव्या हाताला येईल अशी उभी राहिले. नदी म्हणजे त्या ठिकाणी एक ओघळ होता. उडी मारून ओलांडता आला असता.

"आई, अजून विचार कर," केतकी म्हणाली. "गाडी खाली उभी आहे. घरी जाऊ, मी पिठलं टाकते."

"ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय," ती म्हणाली आणि वाऱ्याने उडणारी टोपी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

काय ठरले होते ते आधी सांगायला हवे. मी बडोद्याला अकोटा भागात राहते. आमचे तळमजल्याचे टेनामेंट (भिंतीला भिंत लागून असलेले जोडघर) आहे. मागे थोड्याच अंतरावर विश्वामित्री नदी. मी आणि माझे यजमान, दोघांच्या पगारातून हप्ते भरून ते घर घेतले. यजमान जाऊन काही वर्षे झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी विश्वामित्री घरात आली. पलंग बुडाला, फ्रीज आडवा होऊन तरंगला, शेजारच्या हंसाबेनच्या आवारात मगर येऊन बसली. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या बऱ्याच जणांनी घरे काढली आणि उंचावरच्या भागात फ्लॅट घेतले. केतकी ॲबर्डीनला नोकरी करते. तिने तिथे बसून दलालाशी बोलणी केली, गिऱ्हाईकही ठरवले. मी तिच्याकडे महिनाभरासाठी आले ती तिच्या मनाने कायमचीच आले होते. सहीचे कागद तयार होते.

त्या घराच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. नावापुढे एम.ए., बी.एड. लिहिले आहे. लोक हसतात, हसोत. मी तळोद्याची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, आणि दारावर नाव लागलेली तर मी पहिलीच बाई. ती पाटी पुरात अर्धी भिजली, तरी अक्षरे वाचता येतात. मी ती उतरवणार नव्हते.

केतकीच्या घरी भिंतीवर स्कॉटलंडचा नकाशा आहे. भूगोलाची शिक्षिका नकाशासमोर उभी राहिली की तिचे बोट आपोआप नद्यांवर फिरते. स्पे पश्चिमेच्या डोंगरात निघते, ईशान्येला वळते आणि शेवटी सरळ उत्तरेला समुद्रात जाते. मी म्हणाले, "ही तर उत्तरवाहिनी." आपल्याकडे तिलकवाड्याजवळ नर्मदा थोडे अंतर उत्तरेला वाहते. चैत्रात अख्खे बडोदे तिथे परिक्रमेला लोटते. शाळेतल्या बायकांबरोबर मीही केली आहे.

तेव्हा केतकी म्हणाली, "आई, तुझं आता वय झालं. एकटीने राहणं काही तुला जमायचं नाही." मी नकाशावरचे बोट उचलले नाही. म्हणाले, "ही नदी मी उगमापासून समुद्रापर्यंत चालते. एकटी. वाटेत कुठेही गाडीत बसले तर तुझ्या कागदांवर सही करीन. पोचले तर घराचा विषय बंद."

पहिल्याच चिखलात आई परत फिरेल असे वाटून तिने मान्य केले असावे. नदीकाठाने जाणारी एक प्रसिद्ध पायवाट आहे. तिच्या कडेकडेने राहण्याच्या खोल्या तिने ठरवल्या आणि रोज संध्याकाळी फोन करायचा असे बजावले.

इथे माझी चूक झाली. परिक्रमेचा नियम आपल्याला पाठ असतो: नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मध्येच ओलांडायची नाही. उपनद्या, ओढे चालतात, मुख्य प्रवाह नाही. उगमाशी मी मनात तोच संकल्प केला आणि डाव्या काठाने निघाले. नदीकाठची वाट नदी ओलांडून पलीकडे जाईल, पुन्हा अलीकडे येईल, पुन्हा पलीकडे जाईल, ही शंकाही मला आली नाही. नदीला कोणी असे टाके घालते का?

सुरुवातीची वाट एकाकी होती. मेंढ्या, दगडी कुंपणे, आणि डोंगरावर सावली टाकत जाणारे ढग. लॅगन गावाच्या वरच्या बाजूला एक जुने धरण आहे. तिथे स्पेचे बरेचसे पाणी अडवून डोंगराच्या पलीकडे, पश्चिमेच्या समुद्राकडे वळवले आहे. एका ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज लागते म्हणून. धरणाखाली नदी अंग चोरून वाहत होती. आम्हा नर्मदेच्या लोकांना हे काही नवे नाही. मी कठड्याशी जाऊन पाहिले आणि पुढे निघाले. तिच्यात पुन्हा ओढे येऊन मिळतील हे मला ठाऊक होते. तिकडे ओढ्याला 'बर्न' म्हणतात. दर थोड्या अंतराने एक बर्न डोंगरावरून धावत येत होता आणि संध्याकाळपर्यंत नदी पुन्हा नदीसारखी दिसू लागली.

किन्यूसी गावाजवळ पलीकडच्या काठावर एका टेकाडावर छप्पर नसलेली मोठी दगडी इमारत दिसते. जुनी लष्करी बराक. अठराव्या शतकात डोंगरी लोकांचे बंडखोर सैन्य राजाच्या फौजेशी शेवटची लढाई हरले तेव्हा उरलेसुरले सैनिक इथे जमले. अजून लढू म्हणत होते. पण त्यांच्या राजपुत्राचा निरोप आला की ज्याने त्याने आपला जीव वाचवावा. तेव्हा त्यांनीच इमारतीला आग लावली आणि पांगले. पर्यटक पुलावरून जाऊन आत फोटो काढतात. मी अलीकडच्या काठावरून पाहिली. दुरून पाहण्याचाही एक फायदा असतो, सगळी इमारत एकदम दिसते.

त्याच्या पुढे नदीचे खोरे एकदम रुंद होते. अशा खोऱ्याला ते 'स्ट्रॅथ' म्हणतात. तिथे मैलोगणती पाणथळ जमीन आहे आणि नदी दर हिवाळ्यात तिच्यावर पसरते. कोणी भिंत घालत नाही, कोणी इमारत बांधत नाही. टिटवीच्याच कुळातला, डोक्यावर तुरा असलेला एक पक्षी ओरडत उडत होता. कुंपणाशी एक शेतकरी बाई मेंढ्यांना हाकत होती. मी तिला विचारले की ही जमीन कोरडी करायचा कोणी प्रयत्न केला नाही का.

"आमच्या पूर्वजांनी केला," ती म्हणाली. "बांध घातले, चर खणले. ते अजून दिसतात, बघा."

"मग?"

"मग काही नाही. नदी आली." तिने कुत्र्याला शीळ घातली. "तुमच्याकडे नदी आहे?"

"आहे. तिच्यात मगरी आहेत."

"आणि लोक?"

"लोकही आहेत. काठावरच."

"मग तुम्हाला आमच्या चिखलाचं काय वाटणार," असे म्हणून ती हसली आणि मला फाटकातून वाट दाखवली.

विश्वामित्रीची अशीच पसरायची जागा होती. वळणे होती, तळी होती. आपण ती बुजवली आणि मग ती घरात आली म्हणून तिच्यावर रागावलो. हे मी वर्गात शिकवत असे. पण ज्या जमिनीवर माझे टेनामेंट उभे आहे तीही कधीकाळी अशीच असणार, हा विचार त्या फाटकाशी पहिल्यांदा आला. तरीही घर विकायचा विचार आला नाही. विकले म्हणजे तिथे दुसरे कोणीतरी बुडणार, एवढाच फरक.

बोट ऑफ गार्टन. गावाचे नावच 'होडी'. पूल नव्हते तेव्हा या नदीवर ठिकठिकाणी होड्या होत्या आणि होडीवरून गावांची नावे पडली. पुढे पूल झाले, होड्या गेल्या, नावे राहिली. वरच्या जंगलातले पाइनचे ओंडके याच प्रवाहात सोडत आणि कातड्याच्या छोट्या होड्यांत बसलेली माणसे ते समुद्रापर्यंत हाकत नेत. हे सगळे मी गावातल्या एका फलकावर वाचले आणि वाचता वाचता पायवाटेच्या खुणेचा खांब पाहिला. खुणेवर काटेरी फुलाचे चित्र होते. वाट पुलाकडे वळत होती. माझी त्या रात्रीची खोली पुलापलीकडे, नेथी ब्रिज नावाच्या गावात होती.

खोलीच्या मालकीणबाईंचे नाव मोराग. मी फोन केला.

"पूल बंद आहे का?" तिने विचारले.

"पूल उघडा आहे. मी येऊ शकत नाही."

"पाय दुखावला? थांब, गाडी घेऊन येते."

"गाडीतही बसू शकत नाही."

मग ती म्हणाली, "हेन, तू नक्की कुठल्या अडचणीत आहेस?" 'हेन' म्हणजे कोंबडी, पण तिकडे काही भागांत बायकांना लाडाने असे म्हणतात, हे मला नंतर कळले. तेव्हा जरा लागलेच.

मी परिक्रमेचा नियम सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि अर्ध्या तासात स्वतःच पुलावरून गाडी हाकत अलीकडे आली. साठीची, पांढऱ्या केसांची, हातात सूपचा थर्मास आणि ओटच्या कडक भाकऱ्यांचा डबा.

"धर्म आहे का हा तुमचा?" तिने विचारले.

"शिस्त आहे म्हणा."

"पण कोण बघतंय? मी तर कुणाला सांगणार नाही."

"मी आयुष्यभर परीक्षेला पर्यवेक्षण केलंय," मी म्हणाले. "पर्यवेक्षक बाहेर गेला की मुलं काय करतात ते मला माहीत आहे."

मोराग मोठ्याने हसली. "मीही शाळेतच होते. गणित." मग तिने फोन काढून अलीकडच्या काठावरच्या तिच्या मैत्रिणीला सांगितले, "आयलीन, एक बाई पाठवते. मांस खात नाही, पूल ओलांडत नाही आणि गाडीत बसत नाही. बाकी शहाणी आहे."

आयलीनकडे सकाळी मीठ घातलेली ओटची लापशी मिळाली. चव थेट आमच्या तळोद्याकडच्या कण्यांची. मी दोनदा घेतली. तिथून पुढच्या मुक्कामांचे मोराग आणि आयलीन यांनीच फोन करून ठरवले, शक्य तिथे डाव्या काठावर. केतकीला संध्याकाळी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, तू परदेशात येऊनसुद्धा लोकांना कामाला लावलंस."

ग्रँटाउनच्या पुढे पायवाट पुन्हा पलीकडे गेली. मी डाव्या काठाच्या डांबरी रस्त्याने चालत राहिले. गाड्या कमी, बाजूला बार्लीची शेते, मधूनच व्हिस्कीच्या भट्टीची चिमणी आणि हवेत गुरांच्या आंबोणासारखा वास. आणि इथे मला एक गोष्ट जाणवू लागली. नदीचा आवाज वाढत होता.

तळोद्याला आमच्या शाळेत पाडवीसर भूगोल शिकवत. नकाशे फाटके होते, म्हणून सर अंगणात मातीचा उतार करून त्यावर तांब्याने पाणी ओतत. "ही नदीची युवावस्था," उताराच्या वरच्या टोकाशी ते म्हणत, "धावते, दगड फोडते. ही प्रौढावस्था, वळणं घेते. आणि ही वृद्धावस्था. हळू होते, थकते, गाळ टाकते आणि समुद्राला मिळते." त्या एका तांब्याच्या पाण्याने मी भूगोल घेतला, बडोद्याच्या विद्यापीठात पोचले. सर आज नाहीत. पण पुढे मीही पोरांना तेच शिकवत आले.

नॉकँडोच्या खाली एक मासे धरणारा गृहस्थ कमरेपर्यंत पाण्यात उभा होता. काठावर आल्यावर मी त्याला विचारले की आता समुद्र जवळ आला, तर नदी इथून संथ होत जात असेल.

"संथ?" तो म्हणाला. "बाई, तुम्ही वरून आलात ना? वर ती लोळत होती. रुंद खोरं आहे तिकडे. खरा उतार इथून पुढे. समुद्र जसजसा जवळ येतो तसतशी ही जास्त पळते. मुखाशी तर उभं राहवत नाही."

"म्हातारपणी?"

"तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा पाण्यात उतरला.

मी काठावर बसून पाहत राहिले. पाणी चहाच्या रंगाचे होते, पीटमुळे, आणि दगडांवरून उड्या टाकत खाली जात होते. पाडवीसर असते तर त्यांना कळवले असते. त्यांना राग आला नसता. अपवाद दाखवणारा विद्यार्थी त्यांना फार आवडे.

त्यानंतर पाऊस लागला तो थांबेचना. टाचेला आलेला फोड फुटला. क्रेगेलखीला पोचले तेव्हा नदी 'स्पेट'मध्ये होती, म्हणजे पूर आलेला. पाणी तपकिरी, त्यात फांद्या, मधोमध एक अख्खे झाड. तिथे दोन शतकांपूर्वीचा लोखंडी पूल आहे, दोन्ही टोकांना किल्ल्यासारखे बुरूज आणि मध्ये एकच हलकी कमान. बांधल्यावर काही वर्षांतच महापूर आला. खालच्या बाजूचा दगडी पूल त्याने मोडला. याचे काठाचे भराव गेले, पण कमान राहिली. आता त्यावरून फक्त माणसे चालतात.

मोरागने या टप्प्यात अलीकडे खोली शोधली, पण मिळाली नव्हती. केतकीने ठरवलेली खोली पुलापलीकडे होती. अलीकडचे पुढचे गाव रॉथेस, आणि ते काही जवळ नव्हते. मी बुरुजाखाली उभी राहून फोन घेतला.

"आई, मला पलीकडच्या बाईंचा फोन आला होता. त्यांना पुलाच्या टोकाशी तू दिसतेस. पूल ओलांड आणि झोप."

"मी रॉथेसला जाते."

"या पावसात? पायाला लागलंय ना तुझ्या?"

"थोडं."

"हा निव्वळ हट्ट आहे. उद्या विश्वामित्री पुन्हा आली तरी अशीच बसशील ना?"

"हो."

मग तिचा आवाज बदलला. "तुझ्यासाठी ते नुसतं पाणी होतं, आई. तू माळ्यावर बसून होतीस, हंसाबेन त्यांच्या गच्चीवरून खिचडी सोडत होत्या, मजेत सांगतेस सगळ्यांना. मला इथे काय होतं माहितेय? तुझा फोन बंद होता. मी रात्रंदिवस मोबाईलवर बडोद्याच्या रस्त्यातल्या मगरी बघत होते. प्रत्येक व्हिडिओत आपली गल्ली शोधत होते. मला घर विकायची हौस नाही. मला तो बंद फोन पुन्हा नकोय."

मी पुलाच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवून उभी होते. हे तिने आजवर मला सांगितले नव्हते. गिऱ्हाईक, भाव, गुडघे, वय, सगळे सांगितले होते. हे नाही.

"कळलं," मी म्हणाले.

"मग ओलांडतेस?"

"नाही, बाळ. रॉथेसला पोचले की फोन करते. फोन बंद पडू देणार नाही."

मी हात काढला आणि रस्त्याला लागले. मला तिचे म्हणणे पटले नव्हते असे नाही. पण भीतीपोटी काठ सोडला की सोडतच जावे लागते, हे मी आमच्या गल्लीत पाहिले होते. लंगडत गेले, भिजत गेले, पोचले आणि फोन केला. तिने उचलून फक्त "बरं" म्हटले.

शेवटच्या दिवशी पाऊस उघडला. रॉथेसच्या खाली नदी रुंद होऊन गोट्यांच्या अनेक बेटांतून धावते. मासे धरणाऱ्याने सांगितले तसेच होते. समुद्र दिसू लागला तरी तिचा वेग ओसरेना. डाव्या काठावरचे शेवटचे गाव किंग्स्टन. वरच्या जंगलातून वाहत आलेल्या ओंडक्यांची इथे जहाजे बांधत. आता समोर नुसता गोट्यांचा बांध आणि पलीकडे राखाडी समुद्र. मुख एका जागी राहत नाही. दर काही वर्षांनी नदी गावाच्या दिशेने सरकते आणि लोक गोटे उकरून तिला पुन्हा सरळ वाट करून देतात.

केतकी मला घ्यायला येणार होती. ती दिसली. निळा कोट, हात कपाळावर धरून वाटेकडे पाहत उभी. पलीकडच्या काठावर. प्रसिद्ध पायवाट तिकडे संपते ना.

मी फोन काढला. तो बंद. पावसाचे पाणी पिशवीत गेले असावे, किंवा चार्जिंग संपले असावे. मी ओढणी हातात धरून हलवली, ओरडले. पाण्याच्या गर्जनेत मला माझाच आवाज येत नव्हता. केतकी उलट्या दिशेला, वाटेकडे चालू लागली. तिने फोन कानाला लावला होता. कोणाला लावला असणार हे मला कळत होते.

सगळ्यात जवळच्या घराचे दार मी जोरात वाजवले. एका म्हातारीने उघडले. तिचे नाव जीन. मी माझा फोन दाखवला. ती काही न विचारता आत गेली आणि हात वर करून चार्जर लावला. मी पाहत राहिले. तिच्या घरातली विजेची सगळी बटणे, सगळे प्लग माझ्या खांद्याच्या उंचीवर होते. खाली एकही नाही.

"इतके वर?"

"नदी येते अधूनमधून," जीन म्हणाली. "सोफा भिजतो, वाळतो. पण दिवा आणि फोन चालू राहतात. मुलगा दूर राहतो माझा, त्याला काळजी."

फोन जिवंत झाला. मी केतकीला लावला.

"आई."

"मी समोर आहे. अलीकडे. ओढणी बघ."

ती वळली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले, मधून सगळी स्पे समुद्रात घुसत होती.

"वर जुना रेल्वेचा पूल आहे, आता पायी जाण्यासाठी," ती म्हणाली. "तू त्यावरून ये."

"तू ये."

थोड्या वेळाने ती आली, धापा टाकत. रागावलेली होती, पण आधी माझा पाय पाहिला. जीनने चहा दिला. केतकीने तिला विचारले, "तुम्ही हे घर विकत का नाही?"

"कोणाला?" जीन म्हणाली. "नदीला? ती फुकटच घेईल, तिला हवं तेव्हा. तोवर मी आहे."

केतकी चहा पीत भिंतीवरच्या त्या उंच प्लगकडे पाहत होती. मग माझ्याबरोबर गोट्यांच्या बांधावर आली. मी बाटली उघडून उगमाचे पाणी समुद्रात सोडले. नदीला ते हवे होते असे नाही, ती आपली आधीच पोचली होती. पण नियम नियम असतो.

"दलालाला मी कळवते," केतकी म्हणाली. एवढेच. मग गाडीकडे जायला तिने हात दिला. गाडी पलीकडे होती. डाव्या काठाची परिक्रमा तिथे संपली होती, म्हणून पूल ओलांडायला आता मला हरकत नव्हती. तरी पुलाच्या मध्यावर मी थांबले आणि उजव्या काठाकडे एकदा नीट पाहिले. तो अजून बाकी आहे.

बडोद्याला परतले तेव्हा हंसाबेन दारातच भेटल्या. "आवी गयां? मने तो केतकीए कह्युं हतुं के हवे त्यांज रहेशो," त्या म्हणाल्या. (आलात? केतकी तर म्हणाली होती, आता तिथेच राहणार.) मी म्हणाले, "ना, बेन. अहींज." (इथेच.)

इतक्या वर्षांत मी कितीतरी मुलांना नदीचे वय शिकवले. आता कोणी विचारले तर सांगीन की पुस्तकातल्या तीन अवस्था पाठ कराव्यात, गुण मिळतात. पण उतार कुठे आहे ते नदीला ठरवू द्यावे.

दुसऱ्या आठवड्यात मी इलेक्ट्रिशियनला बोलावले. केतकी व्हिडिओ कॉलवर होती. भिंतीवर पुराच्या पाण्याची पुसट रेघ अजून आहे. त्याने तिच्या थोडे वर खडूने खूण केली आणि विचारले, "बेन, आटलुं ऊंचुं राखवुं छे?" (एवढं उंच ठेवायचं?)

"अजून वर," फोनमधून केतकी म्हणाली. "आईचा हात पोचेल तिथपर्यंत."

मी पाठ भिंतीला लावून उभी राहिले आणि हात वर केला.